मौन प्रार्थना नुकतीच सुरू केली असेल तर

अरे पहिल्याच आठवड्यात "मन शांतच होत नाही, मला नाही जमणार" म्हणून सोडून देऊ नकोस, मन शांत होणं मुळात आपल्या हातात नाहीच, आपल्या हातात फक्त परत येणं आहे. इजिप्तच्या वाळवंटातले जुने ख्रिस्ती संन्यासीसुद्धा भरकटणाऱ्या विचारांशी झगडायचेच, जॉन कॅसियन त्यांच्यात राहून शिकला आणि त्याने एक साधी गोष्ट लिहून ठेवली, बायबलमधल्या ७० व्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा माझ्या मदतीला धावून ये, एवढीच दिवसभर मनात घोळवायची. मी तेच करतो. विचार आला की भांडायचं नाही, ओळ हळूच म्हणायची, बस्स. वीस मिनिटांत पन्नास वेळा म्हणावी लागली तरी चालेल, ते परत येणं हीच प्रार्थना आहे रे.

नुसतं बसणं जड जात असेल तर लेक्सिओ दिविना कर, म्हणजे बायबलमधला छोटा उतारा ओठ हलवत सावकाश वाचायचा आणि एखादा शब्द मनाला लागला की तिथेच थांबायचं, पुढे जायची घाई नको. १२ व्या शतकात गिगो दुसरा या कार्थुसियन (एक ख्रिस्ती संन्यासी संघ) मठवासीने याच्या चार पायऱ्या सांगितल्यात, वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवाजवळ असणं, पण पायऱ्या मोजत बसू नकोस.

आणि रात्रीचं मौन पाळून बघच. संत बेनेडिक्टने मठातल्या संन्याशांसाठी लिहिलेल्या नियमात दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर बोलणं बंद (पाहुणे आले तर सूट, मला हे फार आवडतं). आपण निदान मोबाईल तरी दुसऱ्या खोलीत ठेवू शकतो.