हजेरीवर लाल फुली मारण्याआधी

सर, बीड जिल्ह्यात तुमचं पहिलंच वर्ष, म्हणून सांगते. ऊसतोडीचा हंगाम लागला की आई-बापांबरोबर पोरंही जातात, निम्मा वर्ग रिकामा दिसेल. "यांना शिक्षणाची किंमतच नाही" हे ओठांवर येईल. ते तिथंच धरा आणि आधी चौकशी करा. घरी कोण राहिलंय? उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे, केवढी झाली? तोडणी मजुरांची टोळी कुठल्या कारखान्याला गेली? नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात, दोघं राबल्याशिवाय मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल फिटत नाही. मग लेकराला सांभाळणार कोण? आजी गावात असेल तर हंगामी वसतिगृहाचं, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी पोरानं गावातच शिकायच्या सोयीचं बोला, तेवढं तरी आपल्या हातात आहे.

हंगाम संपल्यावर परतलेलं पोर वर्गात पेंगलं, तर लगेच ओरडू नका. उसाच्या फडात गाड्या रात्री-अपरात्रीही भरतात. "काय काय पाहिलंस रे तिकडं?" एवढंच विचारा. मोळ्या, काट्यावरचं वजन, टनाचा दर, सगळं सांगेल. त्यातच तुमचं गणित निघतं. काही सहकारी याला लाड म्हणतात. म्हणोत बापडे.

आणि एखादा बाप आवाज चढवत आलाच, तर आधी खुर्ची द्या, पाणी द्या. दाखल्याचं मग बघू.