फिटच्या गोळीची लेव्हल तपासायची तर सकाळची गोळी घेऊन जायचं का? आईची फेनिटॉइनची लेव्हल 8 आलीये, रिपोर्टवर रेंज 10 ते 20, मग डोस वाढवू का?

गोळी न घेता जा, पण पर्समध्ये टाकून न्या आणि रक्त देऊन झालं की तिथेच बाकड्यावर बसून घ्यायला लावा, टेस्टच्या नादात डोस चुकायला नको. नुसती लेव्हलच करायची असेल तर उपाशी राहायचीही गरज नसते. कॉलेज रोडच्या ज्या लॅबमध्ये मी जातो तिथे पोरगा आधी हेच विचारतो, शेवटची गोळी किती वाजता घेतली, तुम्हाला नाही विचारलं तर तुम्हीच फॉर्मवर लिहून द्या.

आता डोसचं. स्वतःहून अजिबात वाढवू नका, हे मी हात पोळून सांगतोय. माझी लेव्हल एकदा 9 आली होती, फिट एकही नव्हती, तरी मी शहाणपणा केला आणि 300 च्या जागी 400 मिलिग्रॅम सुरू केलं, म्हटलं शंभरनी काय होतंय. दोन आठवड्यांत डोळ्यापुढे सगळं दोन दोन दिसायला लागलं, तोल जायचा, सिडकोत आमच्या गल्लीत लोकांना वाटलं हा आता दुपारीच प्यायला लागला (मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही). लेव्हल 31 निघाली. डॉक्टरांनी आधी झापलं, मग सांगितलं की लिव्हर हे औषध एका मर्यादेपर्यंतच बाहेर टाकू शकतं, ती मर्यादा आली की डोस थोडासा वाढला तरी लेव्हल एकदम उडी मारते. फेनिटॉइनचं हे खास आहे.

आणि 8 म्हणजे कमीच असं नाही हो. आईंना फिट येत नसतील तर बरेच डॉक्टर तेवढ्यावरच ठेवतात, आकड्याला कोण औषध देतं, माणसाला देतात. वय जास्त असेल, जेवण कमी असेल तर अल्ब्युमिनची (रक्तातलं मुख्य प्रोटीन) टेस्ट पण करून घ्या, कारण हे औषध 90 टक्क्यांच्या आसपास प्रोटीनला चिकटलेलं असतं, अल्ब्युमिन कमी असलं की एकूण आकडा कमी दिसतो पण काम करणारं मोकळं औषध पुरेसं असू शकतं. डोस नुकताच बदललेला असेल तर तेही सांगा, लेव्हल स्थिर व्हायला एक-दोन आठवडे तरी लागतात, कधी जास्तही.

मध्ये गोळ्या चुकल्या असतील तर तेही खरं सांगून टाका, आमच्याकडे लग्नसराईत हमखास चुकतात.