परीगढीवर जाण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या परीगढ्यांवर प्रबंध करतेयस हे वाचून बरं वाटलं. निघण्याआधी थोडं ऐक.

'फेअरी फोर्ट' म्हणतात म्हणून किल्ला शोधू नकोस. ना बुरूज, ना तट. साधारण इ.स. ५०० ते १००० च्या दरम्यान शेतकऱ्यांनी घराभोवती गोल चर खणला, त्याच मातीचा बांध घातला, रात्री गुरं आत घेतली, एवढंच. आयरिशमध्ये ही 'राथ' किंवा 'लिस'. लिस्डूनवार्ना या गावाच्या नावात हाच 'लिस' आहे. अशा जागा देशभर ४०,०००हून अधिक. वस्ती उठली आणि पुढे कधीतरी तिथे 'भली मंडळी', म्हणजे पऱ्या, राहायला आली असं लोक मानू लागले. रात्री आपण सापाला 'लांबडं' म्हणतो ना, तसंच हे नाव.

गढीवरची झाडं गढीइतकी जुनी आहेत असं लिहिलंस तर पहिल्याच पानावर लाल रेघ मारीन. माणसं नांदत होती तोवर आवार गुरांनी तुडवलेलं असायचं. झाडं आली ती मागाहून. हॉथॉर्न या काटेरी झाडाची लाल फळं पाखरं खातात, बांधावर बी पडतं, तिथे नांगर फिरत नाही, रोप तगतं. मे महिन्यात फुलांनी पांढरं झालेलं झाड दिसेल. फूल नाकाशी धर: आधी गोडसर, मग खालून किंचित कुजका वास. ती फांदी घरात आणू नये म्हणतात. तूही आणू नकोस, घरमालकिणीच्या जिवाला उगाच घोर.

क्लेअरमधल्याच लाटूनचं, पऱ्यांचं मानलेलं हॉथॉर्न तुला सगळेच सांगतील. १९९९ मध्ये कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि नव्या रस्त्याच्या कामातून ते वाचलं. २००२ मध्ये कुणीतरी त्याच्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं. पण ते माळावरचं एकटं झाड, गढीतलं नव्हे. सरमिसळ नको.

देवराईशी तुलना करायचा मोह होईल. देवराईत आपण नारळ घेऊन जातो, नवस बोलतो. परीगढीवर कुणी काही मागायला जात नाही. शक्यतो जातच नाही.

शेतकऱ्याला 'तुमचा विश्वास आहे का?' असं विचारू नकोस, तो हसून विषय बदलेल. 'या बांधावरचं झाड शेवटचं कुणी तोडलं?' असं विचार. आणि फाटक मागे लावून घे.

२०१२ पासून तिकडच्या अ‍ॅशच्या झाडांना बुरशी लागलीय. गढीत वाळलेली अ‍ॅश दिसली, तर ती उभीच ठेवलीय की सरपणाला नेली, ते मला आठवणीने कळव.

तुझा,
सर