बाळ ड्रायव्हरच्या मागे, बाकी सगळ्यांची चढउतर डाव्या दाराने

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. सहा सीटची गाडी, मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या, त्यांच्यामधून मागे जायला वाट आणि शेवटी दोघांपुरता बाक. मुलं तीन: आठ महिन्यांची धाकटी, साडेतीन वर्षांचा मधला आणि सात वर्षांचा थोरला. दर रविवारी फोंड्याहून म्हापशाला माहेरी जाणं, सोबत सासूबाई, आणि त्यांचे गुडघे दुखतात. गाडी मिस्टर चालवतात, उंची साडेपाच फूट. दुकानदार म्हणतो, बाळाची सीट डावीकडेच लावा. तुम्ही विचारलंय, कोणाला कुठे बसवू?

दुकानदार जे सांगतो ते एरवी बरोबर आहे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, म्हणून डावं दार कडेला उघडतं आणि बाळाला काढ-घाल करणारा माणूस रहदारीत उभा राहत नाही. पाच सीटच्या गाडीत आणि एकच मूल असेल तर मीही हेच सांगेन. तुमच्या गाडीत मात्र मी बाळाला उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे बसवीन आणि मधल्याला डावीकडे. कारण सांगतो.

आठ महिन्यांच्या बाळाची सीट मागे तोंड करून लागते. तिची पाठ पुढच्या सीटच्या पाठीला जवळजवळ भिडते, त्यामुळे त्या बाजूचं दार उघडलं तरी आत पाय ठेवायला जागा उरत नाही. ती डावीकडे लावली की थोरल्याला आणि तुम्हाला मागच्या बाकावर जायला उजवं दारच राहतं. म्हापशात बाजाराजवळ कडेला गाडी लावलीय, बाजूने स्कूटर आणि बस जातायत, आणि सात वर्षांचा मुलगा उजव्या दारातून उतरतोय, हे नुसतं डोळ्यांपुढे आणून बघा. मधल्याची सीट पुढे तोंड करून असते, तिच्यासमोर पाय ठेवायला जागा मोकळी राहते. म्हणून ती डावीकडे असली की थोरला डाव्या दाराने आत येतो आणि मधल्या वाटेने मागे जातो. रस्त्याच्या बाजूला कोणाला तरी उभं राहावं लागणारच असेल, तर ते मोठ्या माणसाने राहावं. बाळाला घ्यायला-ठेवायला तुम्ही किंवा मिस्टर उजवीकडे जाल, दोन्ही बाजूंना बघाल. सात वर्षांचं पोर बघेलच असं नाही. उजव्या मागच्या दाराचं चाइल्ड लॉक मात्र कायम लावून ठेवा. दाराच्या कडेला ती लहानशी कळ असते.

याने सासूबाईंचाही प्रश्न सुटतो. त्या पुढे डावीकडे बसल्या की सीट हवी तेवढी मागे सरकवता येते. बाळाची सीट त्यांच्या मागे असती तर त्यांना डॅशबोर्डाच्या जवळ सरकून बसावं लागलं असतं. गुडघ्यांना ते नको आणि समोर एअरबॅग असताना तर नकोच. छाती आणि डॅशबोर्ड यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं.

आता अडचण एकच, ड्रायव्हरची सीट. मिस्टर साडेपाच फुटांचे आहेत, तेव्हा बहुतेक गाड्यांत बसायला हरकत नाही. पण आधी त्यांना स्वतःला सोयीचं पडेल तसं बसू द्या, क्लच पूर्ण दाबून बघू द्या आणि मगच मागे बाळाची सीट लावून बघा. बाळासाठी ड्रायव्हरने आखडून बसायचं, हे चालणार नाही. जागा कमीच पडली तर बाळ डावीकडे घ्या आणि थोरल्याला फक्त अंगणात, गेटच्या आत चढवायचा-उतरवायचा नियम करा.

तुम्ही मागच्या बाकावर थोरल्याशेजारी बसा. बाळ मागे तोंड करून असतं म्हणजे त्याच्या समोर कोण असतं? मागच्या रांगेत बसलेली आई आणि दादा. पुढच्या सीटवरून मान वळवून बघत बसण्यापेक्षा हे किती तरी सोपं. माझा थोरला असाच मागे बसायचा, आणि डिचोलीहून पणजीला पोचेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघून हसत असायची. पुढे तोंड करून बसवायची घाई करू नका. नव्या युरोपीय नियमात, म्हणजे आर १२९ मध्ये, किमान १५ महिने मागे तोंड हवं असं आहे. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर त्यानंतरही तसंच ठेवा. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मान कोवळी असते. समोरून धडक बसली की पाठीमागचं कवच डोकं, मान, पाठ सगळंच एकदम पेलतं.

थोरल्याला बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, हवाच. पट्ट्याचा खालचा भाग मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्याच्या मधोमध आला पाहिजे. गळ्याला घासत असेल किंवा पोटावर चढत असेल तर बूस्टर बसलेला नाही. मागच्या बाकाला खांद्यावरून येणारा पट्टा दोन्ही जागांना आहे ना, ते आधी तपासा. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर वापरायचा नाही. आणि त्याने पुढे बसायचा कितीही हट्ट केला तरी नाही म्हणा.

मागच्या बाकाची एक गोष्ट जास्त सांभाळा. त्याच्या पाठीमागे काच जवळ आणि सामानही जवळ. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान, परतताना नारळांचं पोतं, सगळं तिथेच जातं. जड सामान तळाला, बाकाच्या पाठीला टेकवून ठेवा आणि पाठीच्या उंचीवर काहीही रचू नका. सुटा नारळ जोराच्या ब्रेकला थेट डोक्यावर येतो.

आता बसवण्याबद्दल, कारण माझी चूक इथेच झाली होती. माझ्या आधीच्या गाडीत मधल्या रांगेच्या पायाखाली झाकणाचा कप्पा होता. बाळाच्या सीटचा आधाराचा पाय दुकानातल्या मुलाने नेमका त्या झाकणावर टेकवला. पाय टेकल्याची हिरवी खूण सीटवर दिसली, मी पैसे दिले, निघालो. पुढे जूनमध्ये पावसाचं पाणी आत आलं म्हणून चटई उचलली, तर झाकण मधोमध खाली वाकलेलं. इतके महिने बाळ त्या झाकणाच्या भरवशावर होतं. धडकेत तो पाय खाली गेला असता आणि सगळी सीट पुढे कलंडली असती. म्हणून तुमच्या गाडीत पायाखाली हाताने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत आधाराच्या पायाची सीट त्या जागी चालतच नाही.

मधल्याच्या सीटला आयसोफिक्सच्या, म्हणजे सीट गाडीला थेट अडकवायच्या, दोन कड्यांशिवाय वरचा पट्टा असतो, तो खुर्चीच्या पाठीमागच्या कडीत अडकवायचा. सामान बांधायच्या कड्याही तिथेच आसपास असतात आणि चुकून त्यातच पट्टा जातो. खरी कडी कोणती ते मॅन्युअलमधल्या चित्रावरून ओळखा. पट्टा ताणलेला हवा. सीट बसली की पायथ्याशी धरून जोरात हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. पट्ट्या मुलाच्या अंगावर किती घट्ट असाव्यात? खांद्यावरची पट्टी चिमटीत धरता आली तर ती सैल आहे. आणि आपल्याकडच्या उन्हात बकल तापतं. गाडी उभी असताना त्यावर सुती पंचा टाका, बसवायच्या आधी बकलला हात लावून बघा.

शेवटचं, तुम्ही लिहिलं नाहीत, पण घरात निघणार म्हणून. सासूबाई म्हणतील, बाळ रडतंय, द्या माझ्याकडे मांडीवर. त्यात माया असते, म्हणून नाही म्हणताना जीव कासावीस होतो. माझ्या आईला मी हिशोब सांगितला होता. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर ८ किलोचं बाळ त्या क्षणी शंभर किलोंपेक्षा जास्त जोराने पुढे ओढलं जातं. आई म्हणाली, एवढं वजन मला उचलवत नाही, धरणार कसं? त्यानंतर तिने कधी मागितलं नाही. आजी आणि बाळ दोघांवरून एकच पट्टा घेणं तर त्याहून वाईट, मधे बाळच चेपतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर १००० रुपये दंडही आहे, पण आईला मी दंडाचं सांगितलं नाही. रडलं तर बाणस्तारीला किंवा कुठेही जागा बघून गाडी थांबवा, बाळाला घ्या, शांत झालं की परत बसवा. रविवारी दहा मिनिटं उशिरा पोचाल.

शनिवारी अंगणातच सगळ्यांना एकदा बसवून बघा. आधी तुम्ही आणि थोरला डाव्या दाराने मागे, मग मधला, मग उजवीकडून बाळ, सगळ्यांत शेवटी सासूबाई. मिस्टर सीटवर बसले की त्यांच्या सीटची पाठ आणि बाळाची सीट यांच्यात किती बोटं जातात ते मोजा आणि सीटचं मॉडेल लिहून कळवा. काही सीट पुढच्या सीटला टेकलेल्या चालतात, काहींना अंतर लागतं. ते बघून पुढचं सांगतो.