खंडणी की भरपाई?

सोलापुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लादलेल्या रकमेला एका पुस्तकात 'युद्धखंडणी' म्हटलंय, तर दुसऱ्यात 'नुकसानभरपाई'. बरोबर काय?

खंडणी म्हटलं की हल्ली पोलीस ठाणंच आठवतं, पण त्यात शब्दाचा दोष नाही. खंडणे म्हणजे ठरवून टाकणे. तुमच्या बार्शी-मोहोळकडे शेत 'खंडानं' देतात तो खंड याच घरातला: पीक येवो न येवो, ठरला आकडा द्यायचा. तहातली खंडणीही तशीच. जिंकणारा आकडा सांगतो, हरणारा मोजतो. चूक कोणाची, हा विषयच निघत नाही. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूने तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले आणि दोन मुलगे ओलीस ठेवले, ती खंडणी. १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँक लादले, तीही खंडणीच. (तुमच्याकडचे उर्दू जाणणारे दोन्हींना 'तावान' म्हणतील.)

भरपाईला मात्र पंचनामा लागतो. गारपिटीत द्राक्षबाग गेली तर किती गेली हे लिहावं लागतं, आणि नुकसान माणसाने केलं असेल तर कोणी, हेही. दोस्त राष्ट्रांनी शस्त्रसंधीपूर्वीच नागरिकांच्या नुकसानीची भरपाई मागितली होती, म्हणून १९१९ च्या तहात कलम २३१ आलं: झालेल्या हानीला जर्मनी आणि तिचे मित्र जबाबदार. लगेच २३२ मध्ये कबुलीही आहे की सगळं फेडायची जर्मनीची ऐपत नाही. पण पुढे सैनिकांची निवृत्तिवेतनंही 'नागरी नुकसानी'त धरली गेली, आणि १९२१ मध्ये आकडा निघाला १३२ अब्ज सुवर्ण मार्क. इथे भरपाईला खंडणीचा वास येतो, हे मला मान्य आहे. जर्मनांना तर ती खंडणीहून कडू लागली. खंडणीत पैसे जातात, इथे वर दोषही पदरात पडला होता.

तरी उत्तरपत्रिकेत १९१९ साठी 'युद्ध नुकसानभरपाई'च लिहा. 'युद्धखंडणी' लिहिलंत तर कलम २३१ का लागलं, हे सांगता येणार नाही. आणि त्या कलमाला 'युद्धगुन्ह्यांचं कलम' म्हणू नका. कैद्यांना मारणं वगैरे युद्धगुन्हे वेगळे, त्यांची कलमं त्याच तहात २२८ पासून आहेत. २३१ ला 'युद्धदोषाचं कलम' म्हणतात, जरी मूळ मजकुरात शब्द जबाबदारीचाच आहे.