बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर नागिणीची लस घ्यावी का?

घ्या, आणि लवकर घ्या. आईच्या ट्रान्सप्लांटला पाच महिने झालेत, स्वतःच्याच पेशी घातल्यात आणि घरचे म्हणायलेत आता अजून सुया कशाला, असं तुम्ही लिहिलंय. हेच मी आमच्या ओसरीत ऐकलंय, म्हणून लिहायलोय.

आमच्या अण्णांना मायलोमा, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. डिसेंबर २०२२ ला मुंबईत ट्रान्सप्लांट झालं, एक एकर रान गेलं त्यात. फाइलीत लसींचा तक्ता होता, लहानपणच्या लसी परत घ्यायच्या आणि खाली शिंग्रिक्सचे, म्हणजे नागिणीच्या लसीचे, दोन डोस. ती भारतात २०२३ लाच आली, म्हणजे नुकतीच मिळायला लागलेली. मी म्हणलं घेऊ. काका म्हणले, वीस हजाराची सुई? त्याला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, आता काय व्हायचंय. काका मोठे, कारभार त्यांच्याकडं, मी गप बसलो. तेवढं गप बसणं मला अजून खातंय.

अहो, कांजिण्या येऊन गेल्या म्हणूनच तर नागीण येते! तो व्हायरस जात नाही, नसांच्या मुळाशी दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती पडली की नसेनं बाहेर येतो, आणि ट्रान्सप्लांटमध्ये तर ती पार धुऊनच निघते. वर्षभर असायक्लोव्हिर, म्हणजे या व्हायरसला दाबून ठेवणारी गोळी, चालू होती तोवर काही झालं नाही. जानेवारीत गोळी बंद झाली आणि मार्चमध्ये, हरभरा काढायच्या टायमाला, उजव्या बरगडीखाली आग व्हायला लागली, दोन दिवसांनी फोड. मी परभणीला न्यायला गाडी काढली तर काका म्हणले नागिणीला दवाखान्याचं औषध लागू होत नाही, आणि शेजारच्या गावात उतरवणाऱ्याकडं घेऊन गेले. गेरूचा लेप, मंत्र, तीन खेपा. गावातल्या बाया सांगायच्या, तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस जातो. व्हायरसची गोळी फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झालेली बरी, आम्ही दवाखान्यात पोचलो पाचव्या दिवशी. डॉक्टर भडकले, लगेच ॲडमिट करून शिरेतून औषध चालू केलं.

फोड तीन आठवड्यांत सुकले, आग काही गेली नाही. आठ महिने अण्णांनी अंगाला बनियन लागू दिलं नाही. रात्र रात्र उघड्या अंगानं ओसरीत बसायचे, नसांच्या दुखण्याची गोळी प्रीगॅबॅलिन, तिनं झापड यायची पण झोप नाही. केमोत ज्या माणसानं हूं का चूं केलं नाही तो माणूस माझ्यासमोर रडलाय.

काका आजही म्हणतात उतार मंत्रानं पडला. फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआपच सुकतात, उतरवणाऱ्याचं यश तेवढंच, मागं राहिलेली आग कुणी त्याच्या खात्यावर मांडत नाही. तोंड-शेपटाचं पण तसंच, नागीण एका बाजूच्या नसेच्या पट्ट्यानं जाते म्हणून बहुतेकांची अर्ध्यातच थांबते आणि लोकांना वाटतं मंत्रानं थांबली. ट्रान्सप्लांटवाल्याची मात्र अंगभर पसरू शकते.

आणि तुमच्या आईसारख्याच पेशंटवर ट्रायल झालाय, १८४६ जणांवर, २०१९ ला छापून आला. ट्रान्सप्लांटनंतर ५० ते ७० दिवसांत पहिला डोस दिला, लसवाल्यांत नागीण ६८ टक्के कमी निघाली, आणि मागं राहणारं दुखणं तर त्याहून कमी. हे मी काकांना मराठीत करून वाचून दाखवलं. उठून गेले.

अण्णा बरे झाल्यावर छत्रपती संभाजीनगरला नेऊन दोन्ही डोस दिलेच, दोन महिन्यांच्या अंतरानं. दोन दिवस दंड ठणकला, एक रात्र ताप, बस.

हां, एक राहिलं. हे स्वतःच्या पेशीवाल्यांचं सांगितलं, दुसऱ्याच्या पेशी असतील तर जरा उशिरा देतात, तारीख ट्रान्सप्लांटच्याच डॉक्टरला विचारा, तुमच्या आईची पण. नागिणीची जुनी लस जिवंत व्हायरसची होती, ती या पेशंटला चालत नाही, शिंग्रिक्समध्ये जिवंत व्हायरस नसतो, म्हणून नाव बघूनच घ्या. लस घेतली म्हणून असायक्लोव्हिर मनानं बंद करू नका, उलट ती गोळी चालू आहे तोवरच लसीचे दोन्ही डोस उरकतील असं बघा. आणि घरात बैठक बसवू नका. आधी आईला टोचून आणा, मग सांगा सगळ्यांना.