संगणक-शंका : साटा ३ची हार्ड डिस्क खरोखर दुप्पट वेगवान असते का?

प्रश्न : चोपड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत एकेका लग्नाची छायाचित्रे आणि व्हिडिओ मिळून शंभर जीबीच्या पुढे जातात. २०१० साली घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये ५०० जीबीची, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क असून मदरबोर्ड साटा २चा आहे. जळगावच्या दुकानदारांनी २ टीबीची साटा ३ हार्ड डिस्क सुचवली आहे. तिचा वेग दुप्पट असल्याचे ते सांगतात, पण ती ५४०० आरपीएमची आहे. थोड्याफार फरकाने तेवढ्याच पैशांत ५०० जीबीची एसएसडीही मिळते. काय घ्यावे?
– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत. तिची पिढी ही जोडणीची कमाल मर्यादा सांगते, डिस्कचा वेग सांगत नाही. २००३च्या साटा १ मधून सेकंदाला १५० एमबी, २००४च्या साटा २ मधून ३०० आणि २००९च्या साटा ३ मधून ६०० एमबी माहिती जाऊ शकते. परंतु डेस्कटॉपची साधारण हार्ड डिस्क साटा २ची मर्यादासुद्धा गाठत नाही. त्यामुळे साटा ३ची डिस्क आपल्या जुन्या मदरबोर्डला जोडली, तर ती व्यवस्थित चालेल आणि वेगात काही तोटाही होणार नाही. 'दुप्पट' हा शब्द मात्र हार्ड डिस्कच्या बाबतीत मनातून काढून टाकावा.

फेऱ्यांविषयीची (आरपीएम म्हणजे तबकडीच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) आपली शंका रास्त आहे, मात्र तिचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते, ५४०० आरपीएमची ११.१ मिलिसेकंदांत, हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेरीची वाट पाहावी लागते आणि त्याआधी हेडला योग्य मार्गिकेवर (तबकडीवरच्या गोल पट्ट्यावर) जाण्यासाठी आणखी आठ-दहा मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना किंवा हजारो लहान छायाचित्रांची यादी उघडताना हीच वाट पाहणे पुन्हा पुन्हा घडते आणि तिथे कमी फेऱ्यांची डिस्क मागे पडते. याउलट एकच मोठी व्हिडिओ फाइल सलग वाचायची असेल, तर तबकडीवर माहिती किती दाटीने लिहिलेली आहे, यालाही तेवढेच महत्त्व येते. नव्या तबकडीवर ही दाटी कितीतरी जास्त असल्याने आपली जुनी ७२००ची डिस्क जिथे सेकंदाला सुमारे सव्वाशे एमबी देत असेल, तिथे नवी ५४००ची डिस्क दीडशेपर्यंत किंवा त्याच्याही वर जाऊ शकते. हे आकडे तबकडीच्या बाहेरच्या कडेचे आहेत. डिस्क भरत जाऊन काम आतल्या मार्गिकांवर आले की वेग जवळजवळ निम्म्यावर येतो.

खरेदीपूर्वी दुकानदारांना एक गोष्ट अवश्य विचारावी : डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआर प्रकारात मार्गिका एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी लिहितात. एसएमआर प्रकारात मार्गिका कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात, म्हणून एक मार्गिका बदलायची तर शेजारच्या मार्गिकाही पुन्हा लिहाव्या लागतात. साठवून ठेवायला ती चालते, पण एकाच वेळी शंभर जीबी ओतायला घेतले की तिचा वेग मध्येच फार पडू शकतो. स्वस्त डेस्कटॉप डिस्कांपैकी अनेक याच प्रकारच्या असतात आणि वेष्टनावर तसे लिहिलेले असेलच असे नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे.

किमतीचा हिशेब प्रति जीबी करावा. मोटर, हेड आणि सर्किट यांचा खर्च लहान डिस्कलाही चुकत नाही, म्हणून ५०० जीबीची नवी हार्ड डिस्क १ टीबीच्या निम्म्या किमतीत मिळत नाही. रिफर्बिश्ड (आधी वापरलेली, तपासून पुन्हा विकायला काढलेली) डिस्क स्वस्त दिसते, पण ती किती तास चालली आहे हे स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत) पाहिल्याशिवाय घेऊ नये. हे भावही स्थिर नसतात. २०११ साली थायलंडमधील पुरात तिथले कारखाने बुडाले, तेव्हा जगभर हार्ड डिस्क महागल्या होत्या.

एसएसडीत माहिती चिपमध्ये साठते आणि फिरणारा भागच नसल्याने जागा शोधण्याचा वेळ ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. साटा २वर तिचा सलग वेग साडेपाचशेऐवजी पावणेतीनशे एमबीच्या आत अडकेल, तरी विंडोज आणि संपादनाचे सॉफ्टवेअर उघडण्यातला फरक आपल्याला पहिल्याच दिवशी जाणवेल. म्हणून शक्य असल्यास दोन्ही घ्यावे : चालू कामासाठी एसएसडी आणि साठवणीसाठी २ टीबी. पैसे एकाचेच असतील, तर माझा स्पष्ट सल्ला आधी मोठी डिस्क घेण्याचा आहे, कारण आज आपल्या गिऱ्हाइकांच्या लग्नांची एकमेव प्रत दीड दशक चाललेल्या डिस्कवर आहे आणि ती गेली तर कोणताही वेग उपयोगाचा नाही. जुनी डिस्क काढू नये, दुसऱ्या प्रतीसाठी ठेवावी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद कॅबिनेटच्या आत तो त्याहून चढा असतो, तर बहुतेक डेस्कटॉप डिस्कांची मर्यादा ६० अंशांची असते. डिस्कसमोर पंखा बसवावा आणि दोन डिस्कांमध्ये एक खण मोकळा सोडावा. वीज गेल्यावर हेड आपोआप बाजूला जाते, मात्र त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल बिघडू शकते. यूपीएसशिवाय कॉपी सुरू करू नये.

प्रश्न : ४ टीबीची हार्ड डिस्क जोडली, पण विंडोजमध्ये २ टीबीच वापरता येते. डिस्क खराब आहे का?
– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : डिस्क बहुधा चांगली आहे. ती एमबीआर या जुन्या पद्धतीने मांडलेली असावी. त्या पद्धतीत साधारण २.२ टीबीपुढची जागा मोजता येत नाही. डिस्कवर काही असेल तर ते दुसरीकडे कॉपी करून घ्यावे, कारण डिस्क मॅनेजमेंटमधून बदल करताना आधीचे भाग पुसावे लागतात, आणि मग ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून घ्यावी. केवळ साठवणीसाठी जीपीटी डिस्क जुन्या मदरबोर्डवरही चालते. तिच्यावरूनच विंडोज सुरू करायचे असेल, तर मात्र यूईएफआय (संगणक सुरू करणारी, बायोसच्या जागी आलेली नवी प्रणाली) असलेला मदरबोर्ड लागेल.